भाड्याचा कोट

सेकोंडीला, रेल्वेच्या शेडमागे,
माझ्या बापाचं दुकान : एक मशीन, कोळशाची इस्त्री,
आणि खुंटीला एकच काळा शेपटीचा कोट.
तो विकायचा नव्हता. भाड्याचा होता.
शनिवारच्या रात्रीपुरता, दीड शिलिंग.
घामाचे पैसे वेगळे लावू नकोस, आई म्हणायची,
नाचायला जातात, घाम तर येणारच.

क्लबच्या दाराला पाटी होती :
पुरुषांना शेपटीचा कोट, पांढरे हातमोजे,
बायकांना झगा, टाचेचे बूट.
कापड गुंडाळून आलेल्यांना प्रवेश नाही.
पाटीचं वळणदार अक्षर टँडोहचं,
गोदामातला कारकून, आमच्याच गल्लीतला.
त्याच्या आईने जन्मात झगा घातला नव्हता.

कोट चौघांत फिरायचा.
टँडोहला बाह्या आखूड, म्हणून शुक्रवारी उलगडायच्या.
तारमास्तर ब्ले बुटका, त्याच्यासाठी परत दुमडायच्या.
अँपियामास्तर कॉलरला अत्तर चोपडायचे,
ते पुढचे तीन शनिवार जायचं नाही.
चौथा क्वान्सा. बंदरावर पोती मोजायचा.
खिशात त्याच्या हमखास कोलाचा अर्धा तुकडा,
चावलेला, मग लाज वाटून लपवलेला.

मी कापायच्या टेबलाखाली झोपायचे.
सोमवारी बाप कोट उलटा करून दिव्यापुढे धरी
आणि वाचायला लागे.
इथे पावडर : बाई खांद्याइतकी उंच.
इथे पाठीवर पाच बोटांचा ओला ठसा :
हातमोजा काढला होता तिने.
खिशात नाचांचं कार्ड, दोऱ्याला पेन्सिल,
वॉल्ट्झपुढे मिस डाडझी, फॉक्सट्रॉटपुढे मिस डाडझी,
क्विकस्टेपपुढे खोडलेलं काहीतरी.
बाप हसायचा नाही. सुईत दोरा ओवायचा.

कारण दर सोमवारी काख उसवलेली.
कोणीही नेवो, उजवी काख.

कमिशनर साहेब यायचे साडेआठला.
बाईसाहेबांबरोबर एक वॉल्ट्झ,
मग भिंतीशी खुर्ची, लिंबू सरबत,
आपली माणसं किती नेमकी पावलं टाकतात
हे बघून मान हलवायचे.
दहाला त्यांची मोटार गेली की
बँडवाले कागद गुंडाळायचे,
आणि गिटार सुरू व्हायची समुद्राकडची,
कोळ्यांची, नावांवरची,
जिला कागद लागत नाही.

आई भिंतीबाहेर तळलेले मासे विकायची.
खिडकीतून पेट्रोमॅक्सचा उजेड चौकोनी पडे वाळूवर,
त्या चौकोनात ती आणि मक्याचे गोळे विकणारी मेन्सिमा
कापड कमरेशी घट्ट खोचून, अनवाणी,
आत जे चाललंय तेच नाचायच्या.
आतल्यांपेक्षा बरं, असं तीच सांगायची.
कढईतले मासे करपल्याचं मात्र नाही सांगायची.

वॉल्ट्झमध्ये कोट इथून उसवत नाही,
बाप एकदा माझ्याशी बोलला, म्हणजे काखेशी बोलला.
वॉल्ट्झमध्ये हात खांद्याच्या खालीच राहतो.
हा हात वर गेलाय. डोक्याच्या वर.

विलायती कापणीच्या पुस्तकात
असा हात काढलेलाच नव्हता. मी पानं उलटून पाहिली होती.
त्यातली माणसं सगळी उभी,
एक पाय पुढे, हातात काठी.

त्या रात्री त्याने काख पुरती उसवली
आणि काळ्याच कापडाची, विड्याच्या पानाएवढी
एक कळी आत बसवली.
हात खाली असला तर दिसत नाही.
हात वर गेला तर उमलते.

पुढे टँडोहला साहेबांनी म्हणे विचारलं,
लंडनचा का रे हा शिंपी? कट फार शुद्ध आहे.
टँडोहने हात अंगाशी घट्ट धरून
थँक यू सर म्हटलं.

कोट पुन्हा कधी फाटला नाही.
आई महिनाभर बापाशी धड बोलली नाही :
काख शिवायचे तीन पेनी
दर आठवड्याला मिळत होते,
शहाण्या, तेही घालवलेस.